लाल चिंधीची पिन

३ एप्रिल, गुरुवार

आज डोंबिवलीला एक काम बघून आलो. मापवहीत मापं लिहिली, पण तेवढ्याने डोकं शांत होईना, म्हणून हार्डवेअरवाल्याने जानेवारीत दिलेली ही कोरी डायरी काढली. सरोजबाई वर्गात म्हणायच्या, राजरत्न, तुझं गणित कच्चं पण शुद्धलेखन पक्कं, रोज काहीतरी लिहीत जा. नववीत बाबा गेले, शाळा सुटली, लिहिणंही सुटलं.

मी मामाबरोबर काम करतो. कुंडलिकमामा, आईचा धाकटा भाऊ. वागळे इस्टेटमध्ये आमचा एक गाळा आहे. दुकानांची शटर आणि दुकानापुढच्या गुंडाळायच्या कापडी झापा आम्ही बसवतो. आजची झाप मात्र दुकानाची नव्हती. कल्याण-शीळ रस्त्यापासून आत, शेताच्या मोकळ्या जागेत एक ट्रेलर उभा आहे. आत झोपायला, स्वयंपाकाला जागा असते आणि जीपला जोडून ओढून नेतात, तसला. गावातले लोक त्याला डबा म्हणतात. त्यात निशिगंधाताई राहतात. नवऱ्याने हौसेने जुना विकत घेतला, एकदाच अलिबागला नेला. दोन वर्षांपूर्वी तो बाइकच्या अपघातात गेला. आता ताई डब्यात पोळीभाजी केंद्र चालवतात. आजूबाजूला इमारतींची कामं चालू आहेत, तिथले लोक झापेखाली बसून जेवतात.

झापेचा डावा दांडा वाकला आहे आणि कापड चार फूट दोन इंच फाटलं आहे. ताई म्हणाल्या, “वाऱ्याने झालं.” फाटलेली कड सुतासारखी सरळ आहे. वाऱ्याने कापड असं फाटलेलं मी पाहिलेलं नाही. मामाला हळूच सांगितलं तर तो म्हणाला, “मला दिसतंय. तू माप घे.” मी वहीत ‘कारण: वारा’ असं लिहिलं.

पंचवीस तारखेच्या आत झाप उभी हवी. जागेवरून ताई आणि त्यांचा दीर कमलेश यांचा दावा चालू आहे. कोर्टाने तूर्त आहे तसंच ठेवा असं सांगितलं आहे, आणि पंचवीसला कोर्टाचा माणूस बघायला येणार आहे की तिथे खरंच कोण राहतं, कोण धंदा करतं. “झाप नसली तर या उन्हात गिऱ्हाईक उभं राहत नाही,” ताई म्हणाल्या. “गिऱ्हाईक नसलं तर ते लिहिणार, एक बंद डबा उभा आहे. मग मी कुठे जाऊ?”

पंचवीसपर्यंत बावीस दिवस आहेत. काम चार दिवसांचं आहे. तरी मला धाकधूक वाटते.

५ एप्रिल, शनिवार

वाकलेला दांडा उतरवून आणला.

झापेचं कापड एका लांब नळीवर गुंडाळलेलं असतं. नळीच्या दोन्ही टोकांना आत स्प्रिंग असते, चौदा वेढे पिळलेली. ती कापडाला परत ओढते. दांडा खोलायचा तर आधी नळीच्या टोकाला बसवलेल्या टोपणाच्या भोकात पिन घालून स्प्रिंग अडवावी लागते. पिन न घालता बोल्ट सैल केला तर चौदा वेढे एका क्षणात सुटतात आणि दांडा पंख्याच्या पात्यासारखा फिरतो. शटरचंही असंच असतं. मामा म्हणतो, शटरवाल्याला दहा बोटं दिसली तर समजावं, नवीन आहे. त्याला स्वतःला साडेआठ आहेत.

म्हणून आमच्याकडे पिनेचा नियम आहे. पिन आत घातली की ती गळून पडू नये म्हणून तिच्या कडीतून लाल चिंधी ओवायची आणि दांड्याला गाठ मारायची. चिंधी दिसली म्हणजे स्प्रिंग अडवलेली आहे. तरीसुद्धा शिडीवरचा माणूस पाना लावण्याआधी विचारतो, “पिन?” आणि ज्याने घातली तो खालून सांगतो, “आत.” हा नियम मामाने स्वतः केला, दीड बोट गेल्यावर. दुसऱ्या कुठल्या दुकानात तो नाही. आमच्याकडे सहा पिना आहेत. गाळा बंद करताना मी खिळ्यावरच्या पिना मोजतो, मग कुलूप तीनदा ओढून बघतो.

आम्ही दांडा उतरवत असताना कमलेश आला. पांढरी गाडी, पांढरा शर्ट. गाडीत पोपट नावाचा त्याचा माणूस होता, तो उतरला नाही, खिडकीतून थुंकला.

“काय शटरवाले, काय चाललंय?”

“झाप दुरुस्त करतोय साहेब,” मामा म्हणाला.

“कुणी सांगितलं?”

“ज्यांची आहे त्यांनी.”

“जमीन माझ्या बापाची, त्यावरचा डबा माझ्या भावाचा. हिचं काय आहे त्यात?”

ताई आतून पीठ मळता मळता बोलल्या, “भाऊजी, भावाच्या तेराव्याला तुम्ही जेवलात ना माझ्या हातचं? तेव्हा विचारायचं होतं.”

पोपट हसला. कमलेशने त्याच्याकडे बघितल्यावर थांबला. मग कमलेश मामाच्या हाताकडे बघून म्हणाला, “किती राहिलीत बोटं? आठ? सांभाळा.”

जाताना त्याने आमच्या टेंपोच्या आरशावर कोपराने मारलं. काच फुटली. त्याने वळूनही बघितलं नाही. मामाने काचा वेचल्या.

८ एप्रिल, मंगळवार

दांडा शिकंज्यात धरून सरळ केला. अडीच मिलिमीटर फरक राहिला होता, मामा म्हणाला चालेल, मला चालेना, पुन्हा केला. कापड शिवून आलं, हिरवं आणि पांढरं.

मोजमापाला पुन्हा डोंबिवलीला गेलो तेव्हा ताईंच्या मानेवर वळ दिसले. त्या म्हणाल्या, तव्याचा चटका बसला. चार वळ आहेत, बोटभर जाडीचे, शेजारी शेजारी. तव्याने असे चार वळ कसे उठतील ते मला कळलं नाही. मामाला विचारलं तर तो माझ्यावरच खेकसला, “सगळं मोजायचं नसतं रे.”

ताईंनी आम्हाला वाढलं. वांग्याची भाजी, भाकरी. पैसे घेतले नाहीत. मामा नीट जेवला.

११ एप्रिल, शुक्रवार

लिहायला तिसऱ्यांदा बसतो आहे. अक्षर खराब येईल.

सकाळी दहाला झाप चढवायला घेतली. नळी वर गेली, उजवा दांडा लागला. डबा हलू नये म्हणून मी ट्रेलरखाली चाकांना लाकडाची उटी लावत होतो. एक ट्रॅक्टर आला. त्यावरून पाच माणसं उतरली, सहावा पोपट. मला वाटलं, आपण बाहेर जायला हवं. मी गेलो नाही. चाकामागे सरकलो.

खालून मला फक्त पाय दिसत होते. मामाच्या पायात निळ्या स्लीपर होत्या. पोपट म्हणाला, “झापेला हात लावायचा नाही, साहेबांची ताकीद आहे. शटरवाल्याला लावा.” पहिल्या फटक्याला एक स्लीपर उडाली आणि माझ्यापुढे येऊन पडली. आमचाच लोखंडी पाइप होता, एक इंची, चार फुटी. मला तो आवाज ओळखू येतो. बरगडीवर वाजतो तेव्हा वेगळा वाजतो, पाठीवर वेगळा. मामा पहिल्या तीन फटक्यांना ओरडला. नंतर नाही. सात फटके. मी मोजले.

मग वर दार आपटलं आणि ताईंचे पाय आले, अनवाणी. त्यांच्या हातात तव्यावरचं उलथणं होतं. पोपट किंचाळला आणि कातडी जळाल्याचा वास खालपर्यंत आला. ताई म्हणाल्या, “अजून तवा आहे आत. कुणाला पाहिजे?” कुणी पुढे आलं नाही. एकाने त्यांचे केस धरून त्यांचं डोकं ट्रेलरच्या पत्र्यावर दोनदा आपटलं. पत्रा माझ्या डोक्यावर घुमला. मग ट्रॅक्टर सुरू झाला.

मी बाहेर आलो तेव्हा मामा मातीत एका कुशीवर पडला होता. त्याने मला बघितलं आणि विचारलं, “तुला लागलं नाही ना?”

मी म्हणालो, “नाही.”

“बरं झालं,” तो म्हणाला. तो मनापासून म्हणाला, हेच मला सहन होत नाही.

दोन बरगड्या मोडल्या आहेत. चौकीत साधी नोंद झाली. हवालदार म्हणाले, घरगुती भांडण आहे, कोर्टात बघून घ्या.

१२ एप्रिल, शनिवार

आई मामाला आमच्याकडेच घेऊन आली, कल्याणला. तो भिंतीला टेकून बसतो, आडवं होता येत नाही. आई म्हणाली, “कुंडलिक, सोड ते काम. माझ्या पोराला मारतील.”

मामा म्हणाला, “अक्का, स्प्रिंग पिळून अर्धवट टांगून ठेवली आहे मी. ती तशी सोडून मी घरी बसू? कुणी खालून गेलं आणि सुटली तर?”

“मग पूर्ण कर आणि ये.”

“तेच म्हणतोय. राज्या जाईल.”

दोघांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. काय म्हणून हलवली ते मलाच माहीत नाही.

१४ एप्रिल, सोमवार

जयंती. मामाने भिंतीला टेकूनच मेणबत्ती लावली. मी मिरवणुकीला थोडा वेळ जाऊन आलो. स्टेशनच्या रस्त्याला एका खांबावर कमलेशचा बॅनर आहे. हात जोडलेला फोटो, पांढरा शर्ट, ‘जयंतीच्या हार्दिक शुभेच्छा’. ‘हार्दिक’ मधली दि दीर्घ काढली आहे. मी तिथे किती वेळ उभा होतो माहीत नाही. एका ओळखीच्याने विचारलं, काय बघतोस एवढं? मी म्हणालो, चूक.

१७ एप्रिल, गुरुवार

एकटा गेलो. ताईंच्या कपाळावर टेंगूळ आहे, हिरवं झालं आहे. त्यांनी शिडी धरली, मी डावा दांडा लावला. स्प्रिंग चौदा वेढे पिळली. दोन्ही पिना आत, दोन्ही चिंध्या बांधल्या. झाप उघडी करून खटका लावला. शेवटची समतल, म्हणजे झाप तिरकी नाही ना ते, बघायला मामा लागतो, ते झालं की पिना काढायच्या आणि काम संपलं. सावली बरोबर आठ फूट पडली. ताई सावलीत येऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी नुसता वर हात करून कापडाला लावला.

साडेबाराला कमलेश आणि पोपट आले. पोपटच्या मनगटाला पट्टी होती. झापेखाली चार गिऱ्हाइकं जेवत होती, ती ताटं ठेवून उठली.

कमलेश खुर्चीवर बसला. ताईंना म्हणाला, “वहिनी, वाढा.” ताईंनी वाढलं. त्यांना काय वाटलं ते मला समजलं नाही, त्यांनी पोळीवर तूपसुद्धा घातलं. मग त्याने मला बोलावलं.

“त्या दिवशी चाकामागे लपलेला तो तूच ना?”

मी खाली पडलेला पाना उचलायला वाकलो. पोपटने माझ्या कानाखाली मारली. डाव्या कानात अजून शिट्टी वाजते आहे.

“हो,” मी म्हणालो.

“मामा मार खातोय आणि भाचा खाली. भारी आहे.” त्याने घास घेतला. “परवा बॅनरवर तुम्हाला शुभेच्छा दिल्या ना मी? वाचल्यास? मग माझ्या जागेत येऊन माझ्याशी असं वागायचं? चढ त्या स्टुलावर. कान धर.”

मी चढलो. कान धरले. तो जेवत होता. ताई मधे आल्या तेव्हा पोपटने त्यांना दारात ढकललं आणि दार बाहेरून धरून ठेवलं. त्या आतून दारावर मारत होत्या. माझ्या मनगटावर घड्याळ आहे, कान धरल्यावर ते डोळ्यांच्या बाजूला येतं. बावीस मिनिटं.

जेवून झाल्यावर त्याने दांड्यावरची चिंधी बोटाने हलवली. “हे काय?”

“नजर लागू नये म्हणून,” मी म्हणालो.

तो हसला. “ऐक. रविवारी हे खाली येणार. मी स्वतः येतो, स्वतःच्या हाताने पाना लावतो. बघू कोण अडवतं.”

ते गेले. ताईंनी पाणी दिलं, मी प्यायलो. त्या कोबी चिरायला आत गेल्या. मी शिडी लावून दोन्ही बाजू एकदा तपासल्या, नेहमीप्रमाणे. मग सामान भरलं.

घरी येऊन खिसे रिकामे केले. तेरा नंबरचा पाना, खडू, टेप, एक पिन. पिनेला चिंधी नव्हती. ती जास्तीची असेल, सोबत नेलेली. गाळ्यात जाऊन खिळ्यावरच्या मोजायला हव्या होत्या. आज मोजायचा कंटाळा आला.

१९ एप्रिल, शनिवार

दोन दिवस ताप. डोळे मिटले की दांडा फिरतो. तो कुणाच्या तरी तोंडावर बसतो आणि पांढऱ्या शर्टावर लाल उडतं, मग पुन्हा पहिल्यापासून. ते बघताना मला भीती वाटत नाही. हे लिहू नये, पण खरं आहे.

संध्याकाळी मामाने विचारलं, “दोन्हीकडे पिना आत आहेत ना?”

मी म्हणालो, “चिंध्या बांधल्या आहेत.”

“शाब्बास,” तो म्हणाला.

उद्या सकाळी लवकर जाऊन एकदा बघून यावं असं वाटतं. पण ताप आहे.

२० एप्रिल, रविवार

हॉस्पिटलच्या बाकावर लिहितो आहे.

मी औषध आणायला गेलो होतो. परत आलो तर मामा घरात नव्हता. आई म्हणाली, पांढरी गाडी आली, दोघांनी त्याला धरून नेलं. कमलेश दारात तिला म्हणाला होता, “मावशी, घाबरू नका. मी उतरवली तर कोर्ट माझ्या नावाने ओरडणार. ज्याने चढवली त्यानेच उतरवली तर ती दुरुस्ती. तासाभरात आणून सोडतो.”

मी रिक्षा केली. पत्री पूल, मग पुढे. रिक्षावाल्याला तीनदा म्हणालो, जोरात घ्या. फोन केला, मामा उचलत नव्हता. ताईंचा नंबर माझ्याकडे आहे. तो मी लावला नाही.

पोहोचलो तेव्हा मामा शिडीवर होता. डाव्या बाजूला. एक हात बरगडीवर, एका हातात पाना. ट्रॅक्टरला साखळी लावून साखळीचं दुसरं टोक ट्रेलरला अडकवलं होतं. ताई डब्याच्या दारात बसल्या होत्या, म्हणत होत्या, “ओढा. मी आत आहे, ओढा.” मामा वरून त्यांना सांगत होता, “ताई, हट्ट नको. उतरवतो, परत लावीन. झाप परत लावता येते. डबा मोडला तर परत लागत नाही.”

शिडी कमलेशने धरली होती. स्वतः. पांढरा शर्ट.

मामाने मला बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर बरं वाटल्यासारखं आलं. नेहमीसारखं त्याने विचारलं, “पिन?”

मी रिक्षातून उतरून दहा-बारा पावलांवर होतो. तोंड उघडलं होतं. कमलेशने मान वळवून माझ्याकडे बघितलं, भुवई वर केली. माझ्या घशातून आवाज निघाला नाही. त्या दिवशी चाकामागे निघाला नव्हता, तसाच.

मामा एक क्षण थांबला. मग त्याने चिंधीकडे बघितलं आणि स्वतःच म्हणाला, “आत.” आणि पाना फिरवला.

आवाज मोठा नव्हता. पत्र्याच्या पेटीवर कुणी चाबूक मारावा तसा. दांडा दीड वेढा फिरला आणि मामाच्या जबड्यावर बसला, परत येताना पाना धरलेल्या हातावर. मामा शिडीवरून मागे गेला, पाठीवर पडला. तोंडातून रक्ताबरोबर दात आले. तो उठून बसायचा प्रयत्न करत होता आणि खालचा जबडा एका बाजूला लोंबत होता. उजव्या हाताची दोन बोटं मातीत पडली होती. ती मी उचलली, रुमालात बांधली. ताईंनी पाण्याची पिशवी, बर्फ, काय काय आणलं.

दांडा कमलेशच्या डोक्याच्या एक वीत वरून गेला. त्याच्या शर्टावर मामाचं रक्त उडालं. बाकी त्याला काही झालं नाही. तो शिडी सोडून मागे मागे गेला, गाडीत बसला. ट्रॅक्टरवाल्याने साखळी सोडवली आणि तोही गेला.

बोटं परत जोडता आली नाहीत. साडेसहा राहिली.

२२ एप्रिल, मंगळवार

जबडा दोन ठिकाणी मोडला आहे. तारेने बांधला. मामाला महिनाभर बोलता येणार नाही, नळीने पातळ अन्न. शुद्धीवर आहे.

चौकीतले तेच हवालदार पंचनाम्याला आले. मी पंच. सगळं वाचून सही केली, शुद्धलेखनाच्या चार चुका त्यांना दाखवल्या, त्यांनी दुरुस्त केल्या. पंचनाम्यात लिहिलं आहे, ‘श्रीमती निशिगंधा यांच्या ताब्यातील व वापरातील ट्रेलर, बाहेरील बाजूस पोळीभाजी केंद्र चालू स्थितीत.’ ताईंनी ती ओळ दोनदा वाचून घेतली. त्याखाली लिहिलं आहे, ‘डाव्या टोपणात पिन नाही. परिसरात शोध घेतला असता पिन आढळून आली नाही.’

पिन माझ्या पँटच्या खिशात होती. गुरुवारी परत खिशात टाकली, तेव्हापासून तिथेच आहे. मी तीच पँट घालतो आहे, आई धुवायला मागते, मी देत नाही.

मग हॉस्पिटलमध्ये मामाचा जबाब. हवालदारांनी विचारलं, जबरदस्तीने नेलं का? मामाने मान हलवली, हो. नंतर विचारलं, “डाव्या बाजूची पिन घालायला तुम्ही विसरलात का?”

मामाने माझ्याकडे बघितलं. सूज आल्यामुळे त्याचा एकच डोळा उघडतो. त्या डोळ्याने बराच वेळ बघितलं. मग त्याने हवालदारांकडे बघून मान हलवली. हो.

हवालदारांनी लिहून घेतलं.

२५ एप्रिल, शुक्रवार

तीन दिवस गाळ्यात एकट्याने दांडा सरळ केला. आज सकाळी सातला डोंबिवली. स्प्रिंग पुन्हा पिळली, चौदा. शिडीवर चढून सवयीने विचारलं, “पिन?” खाली कुणी नव्हतं. ताई डब्यातून बाहेर आल्या, मी दाखवलं तिथे हात लावून बघितलं, भोकातून बाहेर आलेलं टोक चिमटीत धरून हलवून बघितलं, आणि म्हणाल्या, “आत.” मग मी पाना फिरवला. समतल मामाशिवाय केली. शेवटी पिना काढून घेतल्या.

अकराला कोर्टाच्या बाई आल्या, फाइल आणि छत्री घेऊन. झापेखाली येऊन त्यांनी छत्री मिटली. नऊ माणसं जेवत होती. कमलेश वकिलाबरोबर आला होता, बांधावर उभा होता. म्हणाला, “मॅडम, हे सगळं आजच्या दिवसापुरतं आहे. इथे कुणी राहत नाही.”

तेवढ्यात गावाकडून त्याचे वडील आले, राघोबाबा. काठी टेकत. मी त्यांना पहिल्यांदाच बघितलं. ताई डोक्यावर पदर घेऊन आत निघाल्या. म्हातारा बाकावर बसला आणि म्हणाला, “गो पोरी, क केलंस आज? काल वांगा खारट जाला व्हता.”

कोर्टाच्या बाईंनी विचारलं, “आजोबा, तुम्ही रोज इथे जेवता?”

“मंग कं जेवू? घरात मना कोन इचारतं,” तो म्हणाला. कमलेशकडे त्याने बघितलंसुद्धा नाही. जेवला, ताट स्वतः विसळून ठेवलं.

बाईंनी सगळं लिहिलं. झापेचं मापही लिहिलं, मी सांगितलं, आठ फूट. त्या गेल्यावर कमलेश चालत जवळ आला. मला वाटलं आता मारणार. त्याने झापेकडे बघितलं, डाव्या दांड्याकडे, आणि सावलीच्या रेघेबाहेरच थांबला. मग गेला.

ताई रडल्या नाहीत. त्यांनी मामासाठी डब्यात मुगाचं पाणी भरून दिलं. म्हणाल्या, “त्यांना सांग, त्यांच्यामुळे मी राहिले.” त्यांचा हात माझ्या डोक्यावर होता. मला तो सहन होत नव्हता.

२७ एप्रिल, रविवार

मामाला आईने लहान मुलांची पाटी आणून दिली आहे. डाव्या हाताने लिहितो. अक्षर मोठं, वाकडं.

आई खाली चहा प्यायला गेली तेव्हा त्याने पाटीवर एकच शब्द लिहिला आणि माझ्याकडे वळवली.

पिन?

मी दार बघितलं, खिडकी बघितली. मग म्हणालो, “बाहेर. माझ्या खिशात.” आणि काढून त्याच्या पांघरुणावर ठेवली. “मीच काढली. चिंधीची गाठ पुन्हा मीच मारली. कमलेश म्हणाला होता, मी स्वतः पाना लावतो.”

एवढं बोलायला मला दहा दिवस लागले.

मामाने पिन उचलली, बोटांत फिरवली. त्याच्या डोळ्यात पाणी होतं, पण सुजेमुळे ते सारखंच असतं. पाटी पुसली. बराच वेळ लिहीत होता. मला वाटलं, शिव्या असतील, मला शिव्याच हव्या होत्या.

त्याने लिहिलं होतं, ‘कमलेशला चिंधी कळत नाही. ती आख्ख्या जगात फक्त मला कळते.’

मी ते वाचत राहिलो. आई आली, तिने विचारलं काय लिहिलंय, तिला वाचता येत नाही. मामाने हाताने पाटी पुसून टाकली आणि पिन माझ्या हातात दिली.

तिथून उठून चौकीत गेलो. हवालदार रजेवर होते. दुसऱ्यांना म्हणालो, पंचनाम्यातली एक ओळ बदलायची आहे. ते म्हणाले, रविवार आहे, उद्या सकाळी दहाला या.

मग गाळा उघडला. पिन पुसून खिळ्याला लावली आणि सगळ्या मोजल्या. सहा. पुन्हा मोजल्या. सहाच्या सहा आहेत, एकही हरवलेली नाही.